व्हीएमसीवर रोटरी बसवताना: चौथ्या अ‍ॅक्सिसचं सेटिंग अगदी पहिल्यापासून

पुण्याजवळच्या भोसरीच्या औद्योगिक भागात गुरुवारी सुट्टी असते, म्हणून आमच्याकडे व्हीएमसीवर, म्हणजे उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मिलिंग मशीनवर, रोटरी (जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, धरून अंशांत फिरवणारं युनिट) चढवायचं काम बुधवारी रात्री सुरू होतं आणि गुरुवारी दुपारपर्यंत चालतं. मशीन रिकामी, मागे उभं राहून पीस कधी निघणार म्हणून विचारणारं कोणी नाही. पहिलं सांगणं हेच की या कामाला निवांत सहा-सात तास काढा. नीट बसली की रोटरी महिनोन्‌महिने त्रास देत नाही, आणि घाईत बसवली तर रोज सकाळी पहिला पीस मोजताना पोटात गोळा येतो.

मी सांगतोय ते ८०० बाय ५०० टेबलाची व्हीएमसी, फॅनुक झिरो-आय एमएफ कंट्रोल (मशीन चालवणारा संगणक) आणि २०० मिमी फेसप्लेटची (पुढची फिरणारी तबकडी) वर्म गिअरवाली रोटरी, यावरून. तुमची मशीन वेगळी असेल तर पॅरामीटरचे (कंट्रोलमधल्या सेटिंगचे) नंबर आणि एम कोड बदलतील, लोखंडाचं काम तेच राहतं.

आधी जागा ठरवा. आम्ही टेबलाच्या उजव्या बाजूला बसवतो, फिरायचा अक्ष एक्सला समांतर (एक्स म्हणजे डावी-उजवी चाल, वाय पुढे-मागे, झेड वर-खाली), म्हणून तो ए अ‍ॅक्सिस. हीच रोटरी वायला समांतर ठेवली की बी होतो. उचलायच्या आधी कागदावर आकडे मांडा, म्हणजे टेबलापासून रोटरीचं सेंटर किती उंच, त्यावर जॉबची त्रिज्या, त्यावर सगळ्यात लांब टूल, आणि एवढं सगळं धरून झेड होमला, म्हणजे झेडच्या सगळ्यात वरच्या जागी, किती जागा उरते. इथे बरेच जण एक गोष्ट विसरतात, ती म्हणजे टूल बदलताना एटीसीचा, म्हणजे आपोआप टूल बदलणाऱ्या यंत्रणेचा, आर्म टूल खाली ओढून काढतो, म्हणजे त्या क्षणी टूलचं टोक होम पोझिशनपेक्षाही खाली येतं, आणि तेव्हा खाली चक असेल तर ठोकलंच समजा. लांब ड्रिल असेल तर टूल चेंजच्या आधी टेबल एक्समध्ये बाजूला न्यायचा ब्लॉक टाका. दुसरं म्हणजे रोटरीच्या मोटरचा डबा टेबलाच्या बाहेर येतो, तो एक्सच्या शेवटाला पत्र्याला लागतो का ते हँडव्हीलने अगदी हळू नेऊन बघा आणि लागत असेल तर सॉफ्ट लिमिट (कंट्रोलमध्ये दिलेली चालीची हद्द) आत घ्या.

मग साफसफाई. टेबल पुसलं म्हणजे साफ झालं असं नाही. कपड्याने पुसा, मग ऑइल स्टोन हलका फिरवा, मग तळहात फिरवा. डोळ्याला न दिसणारी बर, म्हणजे धातूची बारीक उठलेली धार, हाताला लागते. रोटरीच्या बुडालाही तसंच, टी-स्लॉटच्या कडांनाही तसंच. एक बारीक चिप खाली राहिली तर पुढचे दोन तास डायल लावून डोकं फुटतं आणि कारण सापडत नाही. रोटरी एकट्या-दुकट्याने उचलू नका, आय बोल्ट लावून चेन ब्लॉकने किंवा क्रेनने उचला, कमरेचं दुखणं आयुष्यभराचं असतं.

बुडाला टेनन (स्लॉटमध्ये बसणारे ठोकळे) असतात ते टेबलाच्या टी-स्लॉटच्या मापाचे आहेत का ते आधी बघा, आमच्या टेबलाला १८ चे स्लॉट आहेत. टेनन स्लॉटमध्ये थोडा सैल असतोच, म्हणून रोटरी एकाच बाजूला, समजा ऑपरेटरकडे, दाबून धरा आणि बोल्ट हाताने नुसते टेकवा. अजून आवळू नका.

आता डायल. लिव्हर डायल (बारीक फरक काट्यावर दाखवणारं मापक) स्पिंडलला लावा, टोक फेसप्लेटच्या तोंडावर टेकवा आणि वाय १५० मिमी चालवा. काटा हलला तर रोटरी आडवी तिरकी आहे, नायलॉनच्या हातोडीने टिचक्या मारून आणा. मग झेड खाली-वर चालवा. इथे काटा हलला तर रोटरी पुढे-मागे कललीये, आणि ही गोष्ट हातोडीने जात नाही, बुडाखाली काहीतरी आहे म्हणून पुन्हा उचला आणि साफ करा. शिम (पातळ पत्र्याची पट्टी) घालायची घाई करू नका, शिम हा अगदी शेवटचा उपाय. फेसप्लेटचं तोंड स्वतःच थोडं थरथरत असेल तर १८० अंश फिरवून पुन्हा डायल चालवा आणि दोन्ही वाचनांची सरासरी घ्या.

त्यानंतर टेस्ट बार, म्हणजे तपासणीसाठीची अचूक सरळ सळई. चकमध्ये किंवा रोटरीच्या टेपरमध्ये बार लावून वरून आणि बाजूने, दोन्हीकडून एक्समध्ये डायल चालवायचा. ३०० मिमीला ०.०२ च्या आत आलं तर आमच्या कामाला चालतं. बारचा स्वतःचा रनआऊट (फिरताना सेंटरवरून हलणं) यात मिसळतो म्हणून इथेही शून्याला आणि १८० ला असं दोनदा बघा. सगळं जमलं की बोल्ट तिरपे तिरपे आवळा, एक इकडचा एक तिकडचा, थोडं थोडं करत. आणि पूर्ण आवळल्यावर डायल पुन्हा लावा. हे पुन्हा लावणं कुणीच करत नाही आणि आवळताना रोटरी हमखास एक-दोन शतांश सरकते.

कनेक्शनचं थोडक्यात सांगतो. मेन स्विच बंद केल्याशिवाय रोटरीचा कनेक्टर लावू नका आणि काढूही नका. केबल कनेक्टरकडे जाताना आधी खाली लोंबू द्या, मग वर चढवा, म्हणजे केबलवरून ओघळणारं कूलंट त्या खालच्या वळणावरून टपकून जातं, कनेक्टरमध्ये शिरत नाही. कनेक्टरमध्ये कूलंट गेलं की अलार्म कधी येतो कधी जातो आणि माणूस वेडा होतो. ब्रेक हवेवर असेल तर लाइनला पाण्याचा सेपरेटर असू द्या आणि रेग्युलेटरवर रोटरीच्या मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढं प्रेशर ठेवा. प्रेशर कमी पडलं तर ब्रेक लागल्यासारखा वाटतो पण जड कटमध्ये घसरतो.

पॅरामीटरला हात लावायच्या आधी सगळ्याचा बॅकअप कार्डवर घ्या, हे विचारूही नका. मशीन कंपनीने चौथ्या अ‍ॅक्सिसची तयारी करून दिली असेल तर बरंचसं आधीच भरलेलं असतं, तरी काय कुठे आहे ते माहिती पाहिजे. १०२० मध्ये अ‍ॅक्सिसचं नाव, ए साठी ६५. १००६ चा शून्यावा बिट १ म्हणजे हा फिरणारा अ‍ॅक्सिस. १२६० मध्ये एका फेऱ्याचे ३६०. १००८ मध्ये रोलओव्हर, म्हणजे ३६० नंतर आकडा पुन्हा शून्यावर यायचा की पुढे ७२०, १०८० असा वाढत जायचा ते. गिअर रेशो २०८४ आणि २०८५ मध्ये बसतो. आमची रोटरी १ ला ९० ची आहे, म्हणजे मोटरचा एक फेरा झाला की फेसप्लेट ४ अंश फिरते. हजाराव्या भागाच्या अंशात ते झाले ४०००, आणि फॅनुक त्याला दहा लाखाने भागतं, म्हणून २०८४ मध्ये १ आणि २०८५ मध्ये २५०. याच हिशोबाने १८२१ मध्ये ४०००. हा हिशोब एकदा हाताने करून बघा, दुसरी रोटरी आली की मग फोन करत बसावं लागत नाही.

रेशो बरोबर आहे का याची परीक्षा सोपी आहे. चकमध्ये चौकोनी तुकडा धरा, त्याच्या एका तोंडावर डायल टेकवून शून्य करा, झेड वर घ्या, मग जी९१ मध्ये (आहे तिथून पुढे मोजणारा मोड) ए३६० दहा वेळा मारा आणि झेड खाली त्याच जागी आणून काटा बघा. काटा शून्यावर आला तर रेशो बरोबर. एका फेऱ्यात न कळणारी चूक दहा फेऱ्यांत उघडी पडते.

दिशा पण बघून घ्या. जॉबच्या वरच्या बाजूला मार्करने ठिपका करा, ए९० द्या, ठिपका तुमच्याकडे आला की मागे गेला ते बघा आणि कॅमच्या (प्रोग्राम बनवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) सिम्युलेशनशी जुळवा. उजवीकडची रोटरी कुणी डावीकडे नेऊन बसवली तर तिचं तोंड उलटं होतं आणि दिशाही उलटते, हे लक्षात असू द्या. दिशा चुकत असेल तर शक्यतो पोस्ट प्रोसेसरमध्ये (कॅममधून मशीनचा प्रोग्राम काढणारा भाग) बदला, मशीनच्या पॅरामीटरमध्ये बदललं तर जुने चालू प्रोग्राम सगळे उलटे फिरतील.

बॅकलॅश, म्हणजे दिशा बदलताना गिअरमध्ये वाया जाणारी चाल, बघायला फेसप्लेटला एक पट्टी बांधा आणि सेंटरपासून बरोबर १०० मिमीवर डायल टेकवा. हा १०० चा आकडा सोयीचा आहे, कारण तिथे ०.०१ अंश म्हणजे साधारण १७ मायक्रॉन. एका दिशेने येऊन शून्य करा, थोडं पुढे जा, उलट दिशेने त्याच अंशावर परत या. काटा जितका मागे राहिला तितका प्ले. पाच-सात मायक्रॉन असेल तर १८५१ मध्ये कॉम्पेन्सेशन टाकून भागतं. पन्नास असेल तर वर्मचंच काम आहे, ते कंपनीच्या माणसाकडून करून घ्या, पॅरामीटरने झाकू नका. आणि डायल तसाच ठेवून ब्रेक लावा आणि सोडा. ब्रेक लावताना काटा सरकत असेल तर तो सरकणारा आकडा तुमच्या प्रत्येक इंडेक्सिंगमध्ये येणार आहे.

आता खरं काम, सेंटर काढणं. याच्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं.

चार वर्षांपूर्वी आमच्याकडे एका शाफ्टचं काम होतं, आरपार ८ चं होल, लांबीमुळे दोन्ही बाजूंनी अर्धं अर्धं ड्रिल करायचं, आधी ए० ला मग ए१८० ला. मी टेस्ट बारला पुढून-मागून एज फाइंडर (कड शोधायचं साधन) लावून वायचं सेंटर काढलं, झेडचं सेंटर रोटरीच्या सर्टिफिकेटवरच्या उंचीवरून घेतलं आणि काम चालू केलं. बावीस पीस झाल्यावर एकात पिन टाकून बघितली तर पिन मध्ये अडकली. होलच्या आत मधोमध पायरी, ०.०८ ची. बारचं सेंटर चकमध्ये ०.०४ ने सरकलेलं होतं, मी बारचं सेंटर काढलं होतं, रोटरीचं नाही, आणि १८० फिरवल्यावर चूक दुप्पट झाली. बावीसच्या बावीस भंगारात गेले. तेव्हापासून मी बारवर आणि सर्टिफिकेटवर विश्वास ठेवत नाही, सेंटर कापूनच काढतो.

पद्धत अशी. ईएन ८ पोलादाचा ५० व्यासाचा राउंड बार चकमध्ये धरा, ६०-७० मिमी बाहेर, जास्त नको. अंदाजे सेंटर जी५४ च्या (जॉबचा शून्य जिथे भरतात ती नोंद) वाय आणि झेडमध्ये टाका. ज्याची लांबी नीट मोजलेली आहे असं १६ चं एंड मिल घ्या. ए० ला वरून फ्लॅट मारा, रफिंग झेड२०.३ पर्यंत, फिनिश झेड२०. ला. झेड वर, ए१८०, आणि पुन्हा तसंच, त्याच आकड्याला. दोन्ही वेळा ब्रेक लावूनच. आता दोन समोरासमोर फ्लॅट झाले, त्यांच्यामधलं माप मायक्रोमीटरने घ्या.

समजा ४०.१२६ आलं. प्रोग्रामप्रमाणे ४०.००० यायला हवं होतं. ०.१२६ जास्त, त्याचं अर्धं ०.०६३. म्हणजे तुमचा झेड शून्य खऱ्या सेंटरच्या ०.०६३ वर बसलाय, तर जी५४ च्या झेडमधून ०.०६३ वजा करा. माप कमी आलं असतं तर तेवढंच अर्धं मिळवायचं. मग झेड१९.५ ला दोन्ही बाजू पुन्हा मारा, ३९.००० आलं पाहिजे. मला दुसऱ्या कटला साधारण ३९.००४ च्या आसपास मिळतं आणि तिथे मी थांबतो. यात बार चकमध्ये किती वाकडा बसलाय याने काहीच फरक पडत नाही, कारण दोन्ही फ्लॅट रोटरीच्या खऱ्या अक्षापासून सारखेच दूर कापले जातात, बारच्या सेंटरशी त्यांना देणंघेणं नाही.

माप घेताना चकजवळ एक आणि टोकाला एक असं दोनदा घ्या. टोकाला जास्त आलं तर एक तर अक्ष टोकाकडे खाली झुकलाय नाहीतर कट जड झाल्याने बार दबला. आधी ०.१ चा हलका कट मारून बघा. फरक गेला तर बार दबत होता, नाही गेला तर बोल्ट सोडून पुन्हा डायल. अवघड वाटेल पण इथे मायक्रोमीटर जो फरक दाखवतो तो खऱ्या चुकीच्या दुप्पट असतो, त्यामुळे छोटी चूकही सापडते.

वायसाठी तोच तुकडा कामाला येतो. ए९० द्या, दोन्ही फ्लॅट आता पुढे-मागे उभे झाले. एज फाइंडर पुढच्या फ्लॅटला लावा, आकडा लिहा, मागच्याला लावा, आकडा लिहा, दोन्हीची सरासरी म्हणजे वायचं सेंटर. एज फाइंडरची त्रिज्या आपोआप कटून जाते. मग ए२७० देऊन तेच पुन्हा करा. दोन्ही सरासऱ्या ०.००५ च्या आत जुळल्या तर निर्धास्त व्हा.

ए चं शून्य जॉबवरून ठरतं. जॉबला फ्लॅट किंवा की-वे (चावीची खाच) असेल तर त्यावर डायल टेकवून वाय चालवा आणि हँडव्हीलने ए ०.००१ च्या पायरीने हलवत काटा स्थिर करा. अंदाजाने हलवत बसण्यापेक्षा हिशोब करा, ५० मिमीत काटा ०.०५ हलला तर ५७.३ गुणिले ०.०५ भागिले ५०, म्हणजे ०.०५७ अंश फिरवायचंय. हा ५७.३ चा आकडा (एका रेडियनचे अंश) मशीनवर चिकटवून ठेवा, फीडमध्येही, म्हणजे कापताना सरकायच्या वेगातही, लागतो.

लांब जॉबला टेलस्टॉक, म्हणजे दुसऱ्या टोकाचा आधार. त्याचं सेंटर रोटरीच्या अक्षावर आणायचं तर दोन सेंटरमध्ये टेस्ट बार धरून वरून आणि बाजूने डायल चालवा, तेच काम पुन्हा. टेलस्टॉक आवळताना जोर करू नका, सळई थोडी सुद्धा वाकली की मधलं माप बदलतं आणि रोटरीच्या बेअरिंगवर उगाच लोड येतो. जॉब हाताने हलत नाही एवढं पुरे.

प्रोग्राममध्ये इंडेक्सिंगचा क्रम आमच्याकडे कायम हाच असतो, झेड आधी होमला, मग ब्रेक सोडा, फिरवा, ब्रेक लावा:

जी९१ जी२८ झेड०
एम११
जी९० जी० ए९०.
एम१०

एम१० आणि एम११ सगळ्या मशीनवर हेच असतील असं नाही, मॅन्युअल बघा. ब्रेक न सोडता फिरवलं तर मोटर ओढत राहते आणि ४११ चा एक्सेस एरर अलार्म येतो. ब्रेक न लावता मिलिंग केलं तर अलार्म येत नाही, आणि ते जास्त वाईट, कारण प्रत्येक दाताचा धक्का वर्मवर बसतो, फिनिश खराब होतं आणि वर्षभरात प्ले वाढतो. आणि कापताना ए सतत फिरत असेल, जसं गोल जॉबवर स्पायरल खाच मारताना, तेव्हा मात्र ब्रेक सोडलेलाच पाहिजे.

या सतत फिरणाऱ्या कामात फीड फसवतो. जी९४ मध्ये (फीड प्रति मिनिट मोजणारा मोड) एकटा ए फिरत असेल तर एफ म्हणजे अंश प्रति मिनिट, मिमी नाही. ६० व्यासाच्या जॉबवर तुम्हाला २०० मिमी प्रति मिनिट हवं असेल तर ५७.३ गुणिले २०० भागिले ३०, म्हणजे एफ३८२. नवीन मुलं एफ२०० टाकतात आणि टूल नुसतं घासत बसतं. मोठ्या व्यासावर उलटं होतं, २०० व्यासाला तोच एफ२०० टाकला तर पृष्ठभागावर साडेतीनशेच्या आसपास जातो आणि टूल तुटतं. एक्स आणि ए एकत्र चालत असतील तर पोस्टमधून प्रोग्राम जी९३ मध्ये (प्रत्येक ओळीला लागणाऱ्या वेळेवरून फीड) बनवून घ्या. आणि सिलिंडरवर साधी खाच किंवा अक्षरं असतील आणि तुमच्या कंट्रोलला तो ऑप्शन असेल तर जी०७.१ (गोल पृष्ठभाग सपाट धरून चालवणारा कोड) वापरा, जी०७.१ ए३०. असं त्रिज्या देऊन चालू करायचं, मग फीड मिमीतच राहतो, संपलं की जी०७.१ ए०. ते बंद करायला विसरू नका.

पहिला पीस सिंगल ब्लॉकवर, रॅपिड २५ टक्क्यांवर, हात फीड होल्डवर. टूल बघू नका, टूलकडे सगळेच बघतात, चकच्या जॉ कडे बघा. जॉ फिरताना व्यासाच्या बाहेर येतात आणि ए० ला सुरक्षित असलेला टूल होल्डर ए४५ ला जॉला लागतो. आम्ही कामाच्या आधी सगळ्यात बाहेर आलेल्या जॉपर्यंतची त्रिज्या पट्टीने मोजून सेटिंग शीटवर लिहितो.

रोटरी उतरवताना मेन बंद, कनेक्टर काढा आणि दोन्ही टोकांना टोपी लावा, नुसता कपडा गुंडाळून ठेवू नका. मग कंट्रोलला अ‍ॅक्सिस काढल्याचं सांगावं लागतं, १००५ चा सातवा बिट परवानगीचा आणि १२ चा सातवा बिट प्रत्यक्ष काढायचा, नाहीतर मशीन चालू होताच सर्वोचे अलार्म. अ‍ॅब्सोल्यूट एन्कोडर असेल तर केबल काढल्यावर बॅटरीचं कनेक्शन तुटतं आणि पुढच्या वेळी ३०० नंबरचा अलार्म रेफरन्स मागतो, म्हणून उतरवायच्या आधी ए होमला नेऊन फेसप्लेट आणि बॉडीवर मिळून एक बारीक रेघ मारून ठेवा, पुढच्या वेळी रेघ जुळवायची आणि मग डायलने पक्कं करायचं. फेसप्लेटला आणि बुडाला तेल लावा, पावसाळ्यात दोन दिवसांत गंज धरतो.

आणि तो ५० चा फ्लॅट मारलेला तुकडा भंगारात टाकू नका. आम्ही त्याच्यावर तारीख पंच करून टूल क्रिबच्या (टूल ठेवायच्या जागेच्या) खालच्या खणात ठेवतो, पुढच्या वेळी त्यालाच अर्धा मिमी आत मारायचं, रफिंगचा वेळ वाचतो. आमच्याकडचा आता ३१ वर आलाय.